नऊ नंबरची डावी बाही

नऊ नंबरच्या जर्सीची डावी बाही सलग चौथ्या सामन्यानंतर स्वच्छ निघाली, तेव्हा मी मशीनचं झाकण उघडंच ठेवलं आणि स्टुलावर बसलो.

तुम्ही म्हणाल, स्वच्छ निघाली तर बरंच की, तेवढेच कष्ट वाचले. पण मी या फुटबॉल क्लबात बावीस वर्षं सामान सांभाळतोय. बूट, मोजे, जर्स्या, टॉवेल, चेंडू, सगळं माझ्या हातून जातं आणि माझ्या हातात परत येतं. कोण कसा खेळला हे मला वर्तमानपत्रात वाचावं लागत नाही. गोलकीपरची कोपरं मळतात, चार नंबरची उजवी मांडी मळते, आणि जो दिवसभर नुसता हात हलवत उभा होता त्याचं काहीच मळत नाही. एकदा एका गोलकीपरची दारू मी त्याच्या टॉवेलच्या वासावरून पकडली होती. तेव्हापासून क्लबात माझ्यासमोर सगळे जरा जपून असतात. बायको म्हणते, तुमचा संशय चष्म्यासारखा झालाय, झोपतानाच काय तो काढता. म्हणू दे. त्या चष्म्यातून दिसतं ते खोटं नसतं, असं मी तिला सांगायचो.

तर नऊ नंबर. हा आमचा स्ट्रायकर, आणि गोल करायचा तो डोक्याने. ओला चेंडू कपाळावर बसला की चिखल लागतो, आणि तो चिखल हा गडी डाव्या बाहीने पुसतो. चौदा वर्षं पुसतोय. मशीनमध्ये तो डाग जात नाही. आधी साबणाची वडी चोळायची, मग ब्रशने घासायचं, मग मशीन. माझ्या उजव्या खांद्याचं जे दुखणं आहे त्यातलं अर्धं त्या बाहीचं आहे. आणि आता चार सामने बाही कोरी. पाऊस होता, मैदानात घोट्याएवढा चिखल होता, बाकी जर्सी मळलेली होती. बाही तेवढी कोरी.

तो आमच्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पाय काटकुळे, मान लांब, आणि उभा राहिला तरी आता उडी मारेल असं वाटायचं. मीच त्याचं नाव नाकतोडा ठेवलं. पहिल्या वर्षी तीन गोल, तिन्ही डोक्याने. तिसऱ्या वर्षी एका बचावपटूच्या कोपराने त्याचं नाक मोडलं, नाकात कापूस कोंबून तो उरलेला सामना खेळला, आणि माझं बारसं सार्थकी लागलं. नंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एक वर्ष बाकावर बसून काढलं, लोक म्हणाले संपला. तो परत आला आणि त्या मोसमात एकवीस गोल केले. दोनदा मोठे क्लब त्याला न्यायला आले, दोन्ही वेळा तो गेला नाही. तेव्हाही मला शंका आली होती की हा का जात नाही. सरळ माणूस इतका सरळ कसा, हा प्रश्न मला नेहमीच पडतो.

मी त्याचा सख्खा मामा नाही. सगळा संघ मला मामा म्हणतो, म्हणून तोही म्हणतो. त्याचं लग्न झालं तेव्हा मी गमतीने त्याच्या बायकोला सूनबाई म्हटलं, ते आजतागायत चालू आहे.

यंदा आमची अवस्था वाईट होती. यादीत खालून दुसरे. शेवटचा सामना नदीपलीकडच्या क्लबाशी, आणि तो जिंकला तरच आम्ही पहिल्या श्रेणीत राहणार. खालच्या श्रेणीत गेलेल्या क्लबात सामानाच्या खोलीला वेगळा माणूस ठेवत नाहीत, कपडे बाहेर धुवायला देतात. म्हणजे माझं काय होणार ते उघड होतं, आणि माझ्यासारखे आणखी तीस जण होते. त्यातच वर्तमानपत्रात एक कोपऱ्यातली बातमी आली: नऊ नंबर निवृत्त झाला की नदीपलीकडचा क्लब त्याला पोरांच्या संघाचा कोच म्हणून घेणार, अशी चर्चा आहे.

बातमी आणि बाही मी शेजारी शेजारी ठेवली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पाचव्या सामन्यात मी मुद्दाम मैदानाच्या कडेला, पाण्याच्या बाटल्यांजवळ उभा राहिलो आणि फक्त त्याच्याकडे पाहिलं. चेंडू हवेतून आला की हा अर्धं पाऊल मागे सरकायचा. दिसायला उडी मारायचा, पण चेंडू गेल्यावर. लोकांना वाटलं, वय झालं. अहो, वय झालेला माणूस उशिरा पोचतो, पण पोचायला बघतो तरी. हा बघत नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो मला कोचच्या खोलीबाहेर दिसला. आमचा कॉरिडॉर लांबलचक, एका टोकाला ड्रेसिंग रूम, दुसऱ्या टोकाला माझी खोली, मध्ये कोचची. कोचच्या खोलीत फळा आहे, त्यावर पुढच्या सामन्याची सगळी आखणी असते. दार अर्धवट उघडं होतं आणि हा भिंतीला एक हात टेकून नुसता उभा. मी चांगली दोन मिनिटं कपड्यांच्या गाडीआडून पाहिलं. शेवटी खाकरलो.

"काय रे, काय करतोयस इथे?"

तो दचकला. "काही नाही मामा. असाच."

"असाच म्हणजे?"

"असाच उभा होतो." आणि मग मी जिकडून आलो तिकडे, माझ्या खोलीच्या दिशेने चालायला लागला, आणि चार पावलांवर वळून उलट गेला. खाई त्याला खवखवे, मी मनात म्हटलं.

मग चिठ्ठी सापडली. नडगीला लावायची पॅड मी दर सरावानंतर पुसून ठेवतो. त्याच्या डाव्या पॅडच्या आत, कापडाखाली, घडी केलेला कागद होता. अक्षर त्याचंच, सहीच्या वहीत मी ते चौदा वर्षं पाहतोय.

*पहिला हाफ घड्याळाच्या बाजूला.*
*कॉर्नर ११ मारणार. एक हात वर – जवळचा खांब. दोन हात – लांबचा.*
*४ दाढी, कॅप्टन. ६ टक्कल. १५ नवा, डावखुरा.*
*कोच – निळी टोपी.*

मी तो कागद तीनदा वाचला. कॉर्नरच्या खुणा तर त्यात होत्याच. पण मला खरं झोंबलं ते पुढचं. आपल्या कॅप्टनला दाढी आहे, हे कोण लिहून ठेवतं? कॅप्टन आणि तो नऊ वर्षं शेजारी शेजारी कपडे बदलतात. म्हणजे हा कागद अशा कुणासाठी तरी होता, ज्याला आमची माणसं ओळखता येत नाहीत. माझा हिशेब बरोबर होता. आज सांगतो, अगदी बरोबर होता, आणि तरी मी चुकलो.

चिठ्ठी मी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी सरावाआधी तो दारात आला.

"मामा, माझ्या पॅडमध्ये काही होतं का?"

"काय होतं?" मी इस्त्री चालूच ठेवली.

"नाही, काही नाही." तो जरा घुटमळला. "कागद होता एक."

"कसला कागद?"

"जाऊ दे." आणि गेला. त्या दिवशी सरावात तो सारखा चुकीच्या जागी उभा राहत होता, कोच ओरडून ओरडून थकला. मी म्हटलं, बघा, मालाचा पत्ता लागत नाही म्हणून कसा कासावीस झालाय.

घरी बायकोला सांगितलं. ती जेवता जेवता थांबली.

"मग कोचला सांगा."

"पुरावा पक्का होऊ दे."

"आणि त्याला? चौदा वर्षं ज्याचे कपडे धुतले, त्याला एकदा तोंडावर विचारायला काय जातं तुमचं?"

"चोराला विचारून चोरी पकडतात का कुणी?"

"तो चोर आहे हे कुणी ठरवलं?"

"मी."

"मग झालंच," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. मला तिचा राग आला. तिला माणसांची पारख नाही, असं मी त्या दिवशी ठाम ठरवलं.

शेवटचा सामना दुपारी तीनला होता. मी सकाळी आठला खोलीत होतो. जर्स्या नंबरप्रमाणे टेबलावर मांडून झाल्या होत्या, बुटांच्या तळाचे खिळे तपासत होतो. एवढ्या लवकर कुणीच येत नाही. हा साडेनऊला आला. दाढी गुळगुळीत, केस ओले, जणू मुलाखतीला आलाय. दारात उभा राहिला.

"मामा, वेळ आहे का? एक बोलायचं होतं. बरेच दिवस बोलेन बोलेन म्हणतोय, पण..."

मला वाटलं, आला. ऐन वेळी कबुली देऊन हात धुवायला आला. मला रडगाणं ऐकायचं नव्हतं. इतके दिवस मी जे पोटात ठेवलं होतं ते वर आलं.

"थांब. आधी मी बोलतो," मी म्हणालो आणि खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर त्याच्या जर्सीवर ठेवली.

त्याने ती पाहिली. चेहरा जरा उजळला, मला तेही निर्लज्जपणाचं वाटलं.

"सात आठवडे झाले, तू एकदाही डोकं लावलेलं नाहीस. लोकांना वाटतं वय झालं. मला विचार. तुझी डावी बाही कोरी निघते."

"बाहीवरून कळलं तुम्हाला?"

"मला सगळं कळतं. नदीपलीकडे तुझी सोय झालीय तेही कळतं. हा कागद कुणासाठी आहे तेही कळतं."

"कुणासाठी आहे?" त्याने विचारलं, आणि खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

"माझ्या तोंडून वदवू नकोस. या क्लबाने तुला एकोणिसाव्या वर्षी उभं केलं. नाक मोडलं तेव्हा तुझं रक्त मी या हातांनी धुतलंय. आणि तू आमच्याच ताटात माती कालवतोस?" माझा आवाज चढला होता. "ऐक. आज कॉर्नर आला की उडी मारायची आणि डोकं लावायचं. मनापासून. लावलंस तर मानेन तू आमचा. नाहीतर या खोलीत पुन्हा पाऊल टाकू नकोस."

मग त्याने चिठ्ठी उचलली, नीट घडी केली आणि मुठीत धरली.

"बरं, मामा."

"काय बोलायचं होतं तुला?" हे मी विचारायला हवं होतं. मी बुटाचे खिळे तपासायला घेतले.

सामना एक तास शून्य-शून्य चालला. बरोबरी म्हणजे आमचं मरणच. एकसष्टाव्या मिनिटाला आमचा कॉर्नर आला, अकरा नंबरने एक हात वर केला, आणि नाकतोडा उडाला. मी सांगतो, चौदा वर्षांत तो इतका उंच उडालेला मी पाहिला नव्हता. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. त्यानंतर त्याला जणू वारंच चढलं. हवेतला एक चेंडू सोडला नाही. त्र्याहत्तराव्या मिनिटाला त्याचं आणि त्यांच्या बचावपटूचं डोकं एकमेकांवर आपटलं, तो आवाज मला बाटल्यांपाशी ऐकू आला. तो थोडा वेळ गुडघ्यांवर राहिला, मग उठला, आणि क्लबाच्या डॉक्टरांना हातानेच नको म्हणाला. मी टाळ्या वाजवत होतो. मी एकटाच, सगळ्यांत जोरात.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला गोल झाला. लांबच्या खांबापाशी, दोघांच्या डोक्यावरून, कपाळाने, खाली मारलेला. मैदान फुटायचं बाकी होतं. तो हात पसरून धावत सुटला तो थेट नदीपलीकडच्यांच्या प्रेक्षकांसमोर, आणि त्यांच्याकडे बघून हसत उभा राहिला. ते शिव्या घालत होते आणि हा हसतोय. आमचे लोक म्हणाले, काय जखमेवर मीठ चोळतोय पठ्ठ्या. मीही पोट धरून हसलो. मला वाटलं, हा गोल मीच केला.

ड्रेसिंग रूममध्ये गोंधळ चालला होता, कोच निळी टोपी उडवत होता. नाकतोडा कोपऱ्यात एक बूट काढून बसला होता. दुसरा पायातच. मी टॉवेल दिला. "आभारी आहे," तो म्हणाला, अनोळखी माणसाला म्हणावं तसं. मला वाटलं, सकाळचा राग आहे. असू दे, उद्या जाईल.

मी खोलीत येऊन कपडे वेगळे करत होतो, तेव्हा दारात सूनबाई उभी दिसली. घरची माणसं कधी या कॉरिडॉरपर्यंत येत नाहीत.

"त्याने डोक्याने मारला," ती म्हणाली.

"मारला म्हणजे? अगं, क्लब वाचवला तुझ्या नवऱ्याने."

ती स्टुलावर बसली. तिने मला सगळं सांगितलं, आवाज न चढवता, पाठ केलेलं सांगावं तसं. मोसमाच्या सुरुवातीला तो घरी यायचा रस्ता विसरला होता. मग धाकटीचं नाव. तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो काढले. इतक्या वर्षांचे इतके चेंडू, आणि मेंदूला आता आणखी धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आजच थांबा म्हणाले. हा थांबेना. क्लब बुडत असताना मी घरी बसणार नाही, म्हणाला. शेवटी दोघांच्यात ठरलं: मोसम संपेपर्यंत फक्त पायाने खेळायचं, हवेतल्या चेंडूला हात जोडायचे.

"सात आठवडे पाळलं त्याने," ती म्हणाली. "आज एक दिवस उरला होता. आज कुणी सांगितलं त्याला?"

माझ्या हातात कुणाचातरी मोजा होता. मी तो उलटा करून पुन्हा सुलटा केला.

तेवढ्यात तोच आला. आंघोळ केलेला, अंगात सहा नंबरच्या खेळाडूचा कोट. बाह्या तोकड्या पडत होत्या. सूनबाई उठली, तिने तो कोट त्याच्या अंगातून काढला, हातावर घेतला.

"तुला हेडर मारायला कुणी सांगितलं आज?"

"आठवत नाही."

"आठवत नाही, की सांगायचं नाही?"

तो हसला. "आता ते मला तरी काय माहीत."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टॉवेलच्या वासावरून दारू ओळखणारा मी, वाट्टेल ते केलं पण तो चेहरा मला वाचता येईना. तो मला वाचवत होता, की त्याच्या डोक्यातून सकाळच पुसली गेली होती? मी एक शब्दही न बोलता सुटत होतो. गप्प बसलो असतो तर तिने कोचला धरलं असतं. माझी लाज मला एवढी कधी वाटली नव्हती.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

तिने सावकाश माझ्याकडे वळून पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्याने तुम्हाला सगळं सांगितल्यावर?"

"काय सांगितल्यावर?"

"सकाळी तो तुमच्याकडेच आला ना? डॉक्टर म्हणाले होते, क्लबातला एक माणूस निवडा. सगळं माहीत असलेला. अडलं की विचारता येईल असा, पुढेही, खेळणं संपल्यावरही. कोचला नको म्हणाला, कॅप्टनला नको म्हणाला. मामांना सांगतो म्हणाला. सांगायची लाज वाटायची, म्हणून रोज टाळायचा. काल संध्याकाळभर माझ्यासमोर बसून घोकत होता कसं सांगायचं ते." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्याने सांगितलं, आणि तरीही तुम्ही..."

"नाही. त्याने नाही सांगितलं," मी म्हणालो. "मी त्याला बोलूच दिलं नाही."

सहा नंबरचा कोट तिने टेबलावर ठेवला, सकाळी तो माझ्या खुंटीवर विसरून गेलेला त्याचा स्वतःचा कोट काढून त्याला घातला आणि खालपासून वरपर्यंत बटणं लावली. तो शहाण्या मुलासारखा उभा राहिला.

दारात जाऊन तो थांबला.

"मामा, चला ना आमच्याकडे जेवायला," तो म्हणाला. "आज जिंकलो आपण."

सूनबाई पुढे निघून गेली होती. मी येतो म्हटलं की नाही म्हटलं, ते माझ्या लक्षात नाही, पण मी गेलो नाही. आता दर गुरुवारी जातो. तो दार उघडतो, मामा म्हणतो, खुर्ची पुढे ओढतो. तो ती सकाळ विसरलाय की त्याने मला माफ केलंय, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत होत नाही.